चार बोटं ठेवून

घोड्याला पुढचे दात वरही असतात आणि खालीही. गाईला वरचे पुढचे दात नसतातच. ती गवताला जिभेचा वेढा घालते, ओढून तोडते आणि खाली बुडखा राहतो. घोडं मात्र दोन्ही दातांत धरून पार जमिनीलगत कुरतडतं, आणि एखाद्या जागचं कोवळं गवत आवडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच तोंड घालतं. कुरणाचे तुकडे किती करायचे, फाटक कधी उघडायचं, कधी लावायचं, गाई कधी आत घ्यायच्या, हे सगळं या दातांवरून ठरतं! हे कळल्यापासून मला चैन नाही. गवत या विषयावर एवढं बोलता येतं हे घरच्यांना माझ्यामुळे कळलं आणि आता वाचकांची पाळी आहे.

अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर म्हटलं की कापूस, रेल्वेचं जंक्शन आणि शकुंतलेची चिमुकली गाडी आठवते. घोड्याचं कुरण कुणालाच आठवत नाही. पण स्टेशनावरून कारंज्याच्या रस्त्याला लागा. आधी सपाट काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. मग जमीन हळूहळू वर चढते, काळा रंग विरळ होतो, मुरूम दिसायला लागतो आणि नांगराला न जुमानणारी बरडं सुरू होतात. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती केव्हाच कापसानं घेतली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या वर्षांत, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला जी तेजी आली, तिच्यानंतर गवताला चांगली जमीन कोण ठेवणार! गवत उरलं ते असल्या बरडावर.

माझ्या मामांचं कुरण अशाच बरडावर आहे. त्यांच्याकडे लग्नाच्या वरातीला जाणाऱ्या दोन घोड्या आहेत, एक पांढरी आणि एक अबलख. लहानपणापासून मी त्यांना लगीनसराईत नटलेल्या पाहत आले. यंदा पहिल्यांदा त्यांच्याबरोबर कुरणातलं वर्ष पाहिलं, आणि पहिल्याच पावसात एक गोष्ट लक्षात येऊन मी जागच्या जागी उभी राहिले. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात, घोड्यांना काम उरत नाही. तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा वराती सुरू. आणि गवत? ते नेमकं याच चार महिन्यांत उगवतं, वाढतं, फुलतं आणि कापून गंजीला लागतं! घोडी रिकामी असते तेव्हा गवत कामाला लागलेलं असतं, आणि घोडी कामाला लागते तेव्हा गवत वाळून तयार असतं. मामांना यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं, आणि मी ते ठणकावून सांगणार.

मृगाचा पाऊस पडला की चार-सहा दिवसांत बरड हिरवं दिसायला लागतं. मला वाटलं, आता घोड्या सुटणार. मामा फाटकाला दोर गुंडाळत म्हणाले, "आता सोडाचं नाई बाई. जमीन वल्ली हाय. खूर रुतला का मुई तुटली, मंग वरसभर तिथं तरोटा पाह्य." उन्हाळाभर गवत मुळाशी साठवलेल्या शिदोरीवर जगलेलं असतं आणि पहिली पाती त्याच शिदोरीतून फुटतात. ती पाती चार ऊन खाऊन मुळांना परत काही देईपर्यंत कापली गेली तर झाड दोन्हीकडून नागवलं जातं. म्हणून पावसाळ्याचा पहिला भाग हा कुरण न चारण्याचा काळ! त्या दिवसांत घोड्या मुरमाच्या उंच खळ्यावर, जुन्या कडब्यावर. ओल्या चिखलात उभं राहून खूर सडतो, तेही त्यात वाचतं.

मग केव्हा सोडायचं? गवत वीतभर झालं की. आणि केव्हा काढायचं? चार बोटं उरलं की. मोजमाप एवढंच. मामा खरोखर बोटं टेकवून पाहतात: वाकून, मधल्या पेरापर्यंत पाती आली का बघतात. मी फूटपट्टी घेऊन गेले होते. चार बोटं म्हणजे सात-आठ सेंटीमीटर भरली, आणि घोड्यांच्या कुरणाविषयी जगभर जे सांगितलं जातं तेही जवळपास एवढंच. याच्या खाली गेलं की गवत पुन्हा उभं राहायला फार वेळ घेतं, शिवाय घोडं मातीसकट मुळं उपटू लागतं. कुरणाचे बाभळीच्या काट्यांनी तीन तुकडे केलेत. एक चारायचा, दोन विसाव्याला. श्रावणात जोराची वाढ असते तेव्हा तीन-चार आठवड्यांत तुकडा परत वीतभर होतो.

आता लीद! घोडं जिथं लीद टाकतं तिथलं गवत खात नाही. काही महिन्यांत कुरणाचे दोन भाग पडलेले स्पष्ट दिसतात: एकीकडे पार खरडलेली हिरवळ आणि दुसरीकडे गुडघाभर उंच, दाट, कुणी न शिवलेलं गवत. ही निवड उगाच नसते. लिदीतून जंतांची अंडी बाहेर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यांच्या अळ्या तयार होतात आणि दवाच्या ओलीवरून पात्यावर चढून बसतात. तेच पातं घोड्यानं खाल्लं की चक्र पुरं! म्हणजे नाक मुरडणाऱ्या घोडीला स्वतःची काळजी घेता येते, पण जागा कमी असेल तर तिला नाइलाजानं तिथंही खावं लागतं. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा टोपलं घेऊन लीद वेचायची, म्हणजे अळी तयार व्हायच्या आत ती उकिरड्यात. मी वेचली आहे, आणि ते काम मला मनापासून आवडलं, कारण वाकून वेचताना गवत जवळून दिसतं.

त्यामागून गाई येतात. घोड्यांनी टाकलेले उंच ठोंब गाई आनंदानं खातात, कारण त्यांना घोड्याच्या लिदीचं एवढं वावडं नाही. घोड्याचे बहुतेक जंत गाईच्या पोटात जगत नाहीत, तिथं ते मरतात. एका दगडात दोन पक्षी! घोड्यांनी विस्कटलेलं कुरण गाई सारखं करून देतात आणि स्वच्छही करतात. ही गोष्ट मी अकोल्याला शिकलेल्या आमच्या गुरांच्या डॉक्टरांना उत्साहानं सांगितली तर ते शांतपणे म्हणाले, "तुमचे मामा हे कायमच करतात की!"

पोळ्याच्या आसपास सगळं घर तणावर उतरतं. तरोटा, म्हणजे पुण्याकडचा टाकळा, शेंगा धरायच्या आत उपटायचा. गाजरगवत फुलायच्या आत, हातात मोजे घालून, कारण त्यानं अंगाला खाज सुटते आणि फुललं तर एका झाडातून हजारोंनी बी पडतं. मेक्सिकोहून आणलेला एक पट्ट्यापट्ट्यांचा भुंगा पावसाळ्यात गाजरगवताची पानं फस्त करतो. तो मामांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपणहून आलेला दिसला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. बेशरम, घाणेरी, रुई, कण्हेर यांना कुरणाच्या कडेलाही थारा नाही. घोड्याला ओकारी काढता येत नाही, हे मला माहीत नव्हतं! पोटात गेलेलं वाईट परत वर येत नाही, त्यामुळे विषारी पाला, बुरशी लागलेला चारा, सगळ्याचा निकाल आतड्यातच लागतो. पोटशूळ हा घोड्याचा सगळ्यात मोठा वैरी तो यामुळेही.

गवतांची ओळख मला भाद्रपदात झाली, कारण तेव्हा ती तुऱ्यावर येतात. मारवेल: गोड, मऊ, पेरापेराला केसांचं कडं. पवन्या: उंच, सरळ, चाऱ्याचा राजा. तिखाडी चुरगाळली की हाताला रोशाचा वास, आणि घोड्या तिला तोंडही लावत नाहीत. धुऱ्याच्या ओलीत हरळी, जिच्यासाठी पांढरी घोडी मान वाकडी करून काट्याखालून ओढते. आणि कुसळी!

कुसळीपाशी मी सगळ्यात जास्त रमले. तिचं एक पिकलं कुसळ घ्या. टोकाशी सुईसारखं टोकदार बी, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस, आणि मागं लांब, पीळ घातलेली काळपट शेपटी, मध्येच कोपरासारखी वाकलेली. ते तळहातावर ठेवून बोटानं पाण्याचा एक थेंब लावा आणि बघा. ते हलतं! पीळ सुटायला लागतो, वाकलेली शेपटी सावकाश गोल फिरते, आणि वाळलं की उलटं वळून पुन्हा पीळ पडतो. शेपटी गवताच्या काडीला अडली की फिरणं बियाकडे जातं आणि बी मातीत घुसत जातं. उलट्या केसांमुळे ते मागं येत नाही. दिवसा वाळायचं, रात्री दवानं भिजायचं, म्हणजे रोज थोडं थोडं खाली. कुणीही न पेरता कुसळी स्वतःला पेरते! मी हा प्रयोग मामीला दाखवला, शेजारच्या पोरांना दाखवला, कुसळं डब्यात भरून मूर्तिजापूरला आणून शाळेत दाखवला.

पण हेच कुसळ घोडीच्या हिरड्यांत, गालात, डोळ्यांत घुसतं. म्हणून कुसळी पिकायच्या आत कापायची. गवताचं सत्त्वही तेव्हाच जास्त असतं. निम्म्या काड्यांवर तुरे आले की तो मोका. त्यानंतर पानातलं सगळं बियात जातं आणि हातात काड उरतं. आमच्याकडे हा मोका नवरात्र ते कोजागिरी एवढाच, आणि परतीचा पाऊसही तेव्हाच! दर सकाळी मामा पश्चिमेकडे बघतात. एकदा उघाड मिळाली की विळे निघतात, ओळीनं माणसं बसतात, कापलेलं गवत पसरायचं, दुपारी उलथायचं, रंग हिरवाच राहिला पाहिजे पण काडी मोडली की कट् आवाज आला पाहिजे. मग पेंढ्या, मग दगड आणि लाकडाच्या बैठकीवर गंजी. ओलसर गवत गंजीत गेलं तर आतून तापतं, बुरशी धरतं, कधी पेटही घेतं. मामा गंजीत कोपरापर्यंत हात घालून उबेचा अंदाज घेतात. मीही घातला. आत थंड, कोरडं, आणि बाहेर काढल्यावर हाताला जो वास आला तो मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

हिशेबही पक्का आहे. आमच्याकडच्या घोडीचं वजन तीनशे किलोच्या आसपास. तिला रोज वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे सहा-सात किलो. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत आठ महिने धरले तर एकीला दीड टन, दोघींना तीन. यातलं काही कडबा भागवतो, पण गंजी ही त्या घराची खरी बँक आहे. घोड्याचं पोट लहान, एकदम भरून चालत नाही. मोकळं सोडलं तर ते दिवसरात्रीतले चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतं. म्हणून दोन वेळचं ताट नाही, सतत तोंडाशी काडी हवी.

गंजीजवळ उभी असताना मला शिवाजी महाराजांचं ते पत्र आठवलं, चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं. शाळेत आपण ते रयतेच्या काळजीसाठी वाचतो. पण त्यात गवताची केवढी तपशीलवार काळजी आहे! पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा-वैरण बेहिशेबी उडवलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. कुणी चूल पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, रात्री दिवा राहिला तर उंदीर वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि मग एक घोडं वाचायचं नाही. राज्य उभं करणारा माणूस उंदरानं नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो! मामांच्या गंजीपाशी बिडी ओढायला बंदी आहे, आणि मला ती बंदी आता फार थोर वाटते.

दसऱ्याला सीमोल्लंघन का, याचं निम्मं उत्तरही मला गंजीनं दिलं. नद्या उतरलेल्या असतात हे ठाऊक होतंच. पण रानोरान गवत उभं असतं, खरीप हाती येत असतं, हजारो घोड्यांच्या तोंडाची सोय झालेली असते. नागपूरकर भोसले वऱ्हाडातून जो घासदाणा वसूल करीत तो फौजेच्या घोड्यांच्या नावानंच. याच अकोला जिल्ह्यात अडगावला भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती 29 नोव्हेंबर 1803 ला, गवत कापून झाल्याच्या दिवसांत. इतिहासाच्या पुस्तकांत तोफा मोजलेल्या असतात. पेंढ्या कुणीतरी मोजायला हव्यात.

हिवाळ्यात कुरण पिवळं पडतं आणि घोड्या कापलेल्या तुकड्यांवर दुपारी मोकळ्या सुटतात. आता जमीन घट्ट, खूर रुतायची भीती नाही. वरातीहून रात्री उशिरा परतलेली घोडी दुसऱ्या दिवशी तिथं लोळते ते बघावं! याच दिवसांत कुरणाभोवती गवत खरडून जाळरेषा काढायची, कारण होळीच्या आसपास कुठून ठिणगी येईल सांगता येत नाही. याच दिवसांत शेजारी नेपियरचा हिरवा चारा देऊ करतात, आणि मामा हात जोडून नको म्हणतात. मी डॉक्टरांना विचारलं तर कारण असं निघालं: नेपियरसारख्या काही गवतांत ऑक्झलेट जास्त असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाईच्या पोटातले जिवाणू ते फोडतात, घोड्याला मात्र ती सोय नाही. पुष्कळ दिवस तेच खाल्लं तर हाडं पोकळ होतात, जबडा फुगतो. कोवळी हिरवी ज्वारीही नकोच, पण वेगळ्या कारणानं. गुरांना तिनं किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे गावात सगळ्यांना माहीत, घोड्यालाही ती वर्ज्य. वाळलेला कडबा मात्र उत्तम.

उन्हाळ्याचं काय सांगू! पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, बरड उघडं पडतं, बाहेरच्याला वाटेल इथं सगळं मेलं. पण तेच ऊन जंतांच्या अळ्या मारतं, आणि मुळं खाली जिवंत असतात. या दिवसांत कुरणात कुणालाही पाय टाकू द्यायचा नाही. काम असतं ते बांध सारखे करण्याचं, चर खोदण्याचं, बाभळीच्या काट्या बदलण्याचं. आणि पाण्याचं. उत्तरेकडे पूर्णेच्या बाजूला खारपाणपट्टा, तिथल्या विहिरींचं पाणी खारट. मामांचं बरड त्याच्या बाहेर आहे म्हणून घोड्यांना गोड पाणी मिळतं, आणि उन्हाळ्यात एकेक घोडी दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज पिते.

हे सगळं एका घरच्या कुरणाचं. पण गावोगावच्या ई-क्लास जमिनींकडे, म्हणजे गायरानांकडे, बघितलं की माझा जीव तुटतो, कारण तिथं फाटकच नाही. मृगाच्या पहिल्या पातीपासून सगळं गाव सोडतं आणि चार बोटं कधीच उरत नाहीत. राखलं तर काय होतं तेही इथंच जवळ पाहायला मिळतं. कारंजा-सोहोळ अभयारण्यात गवत राखलंय आणि काळविटांचे कळप आहेत. अकोला-वाशीम पट्ट्यात फासेपारधी समाजातली माणसं, कारंज्याच्या संवेदना संस्थेच्या कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या साथीनं, गवताळ रानं जपण्याचं काम करत आली आहेत, तणमोरासाठी. तणमोर पावसाळ्यात गवतात घरटं करतो, नर गवतावरून उंच उड्या मारतो, आणि आज तो जगातल्या सगळ्यात संकटग्रस्त पक्ष्यांपैकी एक आहे. ज्यांच्या वाडवडलांना रानातली प्रत्येक हालचाल वाचता येत होती तीच माणसं आता राखण करतात, याहून योग्य राखणदार कोण मिळणार! आणि बघा, तणमोराला हवं असतं तेही मामांचंच वेळापत्रक: पावसाळाभर गवत उभं, कापणी अश्विनात.

गाडगेबाबांचं बालपण याच मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला, मामाच्या घरी, गुरं राखण्यात गेलं, आणि 1925 साली त्यांनी मूर्तिजापुरात गोरक्षणाचं काम उभं केलं. खराट्याचे बाबा सगळ्यांना माहीत आहेत. गुराख्याचे बाबा मला या वर्षी दिसले, आणि गायरानाविषयी बोलायचा हक्क या गावाला जास्त आहे असं माझं ठाम मत झालं.

सध्या आमच्याकडे एका गोष्टीवरून जोरात वाद चालू आहे. तिसऱ्या तुकड्यात कुसळी फार झालीय. तिथं आर्द्रा लागल्यावर मारवेलची ठोंबं लावायची हे मामांना मान्य आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या फुले मारवेलची ठोंबं मिळवायची जबाबदारी माझी. पण मला दोन ओळींच्या मध्ये स्टायलो पेरायचा आहे. तो द्विदल आहे, मुळांवाटे जमिनीला नत्र देतो, बरडावर तग धरतो. मामा म्हणतात, "घोडी खाईन तवा खरं. आंधी एका तासात पेर, मंग पाहू." तास म्हणजे एक ओळ. एक तास तर एक तास. बी गरम पाण्यात बुडवून काढलं तर लवकर उगवतं असं ऐकलंय. पिशवी आणून ठेवलीय, आणि बाभळीच्या काट्यांचं चौथं कुंपण मी स्वतः घालणार आहे.